घरगुती संगणकाची गती आणि स्वच्छता

घरगुती संगणकाची गती आणि स्वच्छता या विषयात घरी वापरला जाणारा संगणक कालांतराने संथ का होतो, त्याचे नेमके कारण कसे ओळखावे आणि तो पुन्हा उपयुक्त वेगाने कसा चालवावा, यांचा समावेश होतो. प्रस्तुत लेखात हा विषय मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात मांडला आहे. येथील कडक उन्हाळा, काळ्या जमिनीची बारीक धूळ आणि अस्थिर वीजपुरवठा ही संगणक मंदावण्याची महत्त्वाची स्थानिक कारणे आहेत.

संथपणा हा स्वतंत्र दोष नसून ते एक लक्षण आहे. भरलेली डिस्क, अपुरी स्मृती, तापलेला प्रोसेसर, हानिकारक सॉफ्टवेअर आणि निकामी होत चाललेली हार्ड डिस्क या पाच निरनिराळ्या बिघाडांत वापरणाऱ्याला एकच अनुभव येतो: संगणक ‘हँग’ होतो. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे. त्यामुळे आधी माहितीची प्रत, मग निदान आणि शेवटी उपाय हा क्रम महत्त्वाचा ठरतो. बोलीभाषेत ज्याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात तो उपाय सर्वांत आधी केल्यास घरातील कागदपत्रे व छायाचित्रे कायमची नष्ट होऊ शकतात.

## पार्श्वभूमी

नांदेड येथे १९८१ मध्ये श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था स्थापन झाली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. लातूर शहर ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षातयारीच्या पद्धतीमुळे राज्यभर परिचित आहे. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ मध्ये स्थापन झाले. त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे संगणकाचे प्राथमिक शिक्षण तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले.

प्रवेशप्रक्रिया, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज, सामाईक प्रवेश परीक्षांची नोंदणी, पीक विमा आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ही कामे आता ऑनलाइन होतात. अर्जाला अंतिम मुदत असते. अशा दिवशी संगणक सुरू होण्यास वीस मिनिटे लागली किंवा दाखल्याची फाइल उघडली नाही, तर नुकसान वेळेपुरते मर्यादित राहत नाही. किनवटसारखे तालुक्याचे ठिकाण नांदेडपासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. तेथील कुटुंबाला किरकोळ दुरुस्तीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी संगणक नेणे परवडत नाही. त्यामुळे घरच्या घरी करता येणाऱ्या देखभालीला येथे विशेष महत्त्व आहे.

## संथपणामागील कार्यकारणभाव

संगणकातील काम तीन भागांत वाटलेले असते. प्रोसेसर आकडेमोड करतो, रॅम ही चालू कामाची तात्पुरती स्मृती असते आणि हार्ड डिस्क किंवा एसएसडी माहिती कायम जपून ठेवते. या तिन्हींच्या वेगात प्रचंड तफावत आहे. रॅममधील माहिती मिळण्यास सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतका वेळ लागतो. हार्ड डिस्कमध्ये मात्र चकती फिरून आणि वाचणारे टोक सरकून योग्य जागी यावे लागते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीच्या एका फेऱ्यालाच सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. टोक सरकण्याचा वेळ धरल्यास अशी डिस्क विखुरलेली माहिती सेकंदाला साधारण ७५ ते १०० वेळाच वाचू शकते. रॅमच्या तुलनेत ती एक लाख पटींहून अधिक मंद ठरते.

रॅम अपुरी पडली की संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, रॅममधील काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि गरजेनुसार परत आणते. या व्यवस्थेला आभासी स्मृती म्हणतात. तिच्यामुळे काम थांबत नाही, पण ते रॅमच्या वेगाऐवजी डिस्कच्या वेगाने होऊ लागते. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडे असताना संगणक अचानक गोठल्यासारखा होतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. अशा वेळी कॅबिनेटवरील डिस्कचा दिवा सतत पेटलेला दिसतो.

तिसरे कारण उष्णतेचे आहे. प्रोसेसरचे तापमान त्याच्या मर्यादेजवळ, म्हणजे बहुतेक प्रोसेसरांत ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, पोहोचले की तो स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. ही बिघाडाची नव्हे, तर स्वसंरक्षणाची क्रिया आहे. तापमान तरीही वाढत राहिल्यास संगणक अचानक बंद पडतो.

## निदान

उपायांपूर्वी संगणक कोणत्या परिस्थितीत संथ होतो, हे एक-दोन दिवस पाहावे. पुढील लक्षणांवरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

* सुरू होताना फार वेळ लागतो, पण नंतर काम बरे चालते: सोबत सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम किंवा मंद हार्ड डिस्क.
* अनेक प्रोग्रॅम उघडल्यावरच अडतो: अपुरी रॅम.
* सकाळी बरा चालतो, दुपारी मंदावतो आणि पंख्याचा आवाज वाढतो: धूळ व उष्णता.
* एखादी विशिष्ट फाइल उघडताना थबकतो, डिस्कमधून टकटक आवाज येतो: निकामी होत चाललेली हार्ड डिस्क.
* ब्राउझरमध्ये आपोआप जाहिराती उघडतात, मुख्य पान बदलते: हानिकारक सॉफ्टवेअर किंवा नको असलेले एक्स्टेंशन.
* फक्त संकेतस्थळेच हळू उघडतात: दोष संगणकाचा नसून इंटरनेट जोडणीचा असण्याची शक्यता.
* दिनांक व वेळ दर वेळी मागे जाते, सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत: मदरबोर्डवरील बटन सेल संपलेला.

शेवटचे लक्षण पुष्कळदा विषाणूचे समजले जाते. मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा सीआर २०३२ हा सेल संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की दिनांक काही वर्षे मागे जातो. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. त्यामुळे चुकीच्या दिनांकामुळे ब्राउझर ती अवैध ठरवतो. सेल बदलून दिनांक दुरुस्त केला की अडचण दूर होते.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांचा वापर टक्क्यांत दिसतो. काहीही काम चालू नसताना डिस्क बराच वेळ शंभर टक्क्यांवर असेल, तर कारण डिस्कच्या बाजूस शोधावे. स्मृती ९० टक्क्यांच्या पुढे असेल, तर रॅम अपुरी आहे. दोन्ही आकडे कमी असूनही संगणक संथ असेल, तर तापमान तपासावे. प्रोसेसरचा प्रत्यक्ष वेगही याच खिडकीत दिसतो. भरपूर काम चालू असताना तो नेहमीपेक्षा बराच खाली गेलेला आढळल्यास उष्णतेचा संशय बळावतो.

## माहितीची प्रत

कोणतीही साफसफाई करण्यापूर्वी महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत करणे ही पहिली पायरी आहे. हार्ड डिस्क निकामी होत असल्याची लक्षणे दिसत असतील, तर प्रत घेईपर्यंत तिच्यावर दुसरे कोणतेही काम करू नये. अशा डिस्कवर डीफ्रॅगमेंटसारखी दीर्घ प्रक्रिया चालवल्यास ती त्याच दिवशी बंद पडण्याचा धोका असतो.

गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, जमिनीची कागदपत्रे आणि कुटुंबाची छायाचित्रे यांच्या किमान दोन प्रती असाव्यात. त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. गोदावरीला पूर आला की नांदेडच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते. संगणक आणि बाह्य डिस्क एकाच कपाटात असल्यास दोन्ही एकदमच जातात. नातेवाइकांकडे ठेवलेली डिस्क किंवा ऑनलाइन साठवण हा यावरचा साधा उपाय आहे. केंद्र शासनाच्या डिजिलॉकर सेवेत अनेक शासकीय दस्तऐवज थेट संबंधित संस्थेकडून मिळवून ठेवता येतात.

### मराठी फॉन्टची अडचण

मराठी वापरकर्त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जपावी लागते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएम प्रणालीतील सुरेख अशा फॉन्टमध्ये टंकलिखित केला जात असे. या पद्धतींत संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरांचाच असतो. फॉन्ट केवळ त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या दाखवतो. संगणक नव्याने तयार करताना हे फॉन्ट पुसले गेले, तर जुने अर्ज, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका किंवा हस्तलिखिते निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात उघडतात. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण तो वाचता येत नाही. म्हणून दस्तऐवजांबरोबर विंडोजमधील फॉन्ट्स या फोल्डरचीही प्रत घ्यावी. महत्त्वाचा मजकूर फॉन्ट परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये बदलून ठेवावा. परिवर्तनानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालणे आवश्यक असते.

## धूळ आणि उष्णता

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत मे महिन्यात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. पत्र्याच्या छताखालील खोलीत दुपारी त्याहूनही अधिक उष्णता असते. संगणकाचा पंखा खोलीतील हवाच आत घेतो. त्यामुळे त्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड करणे त्याला शक्य नसते. कामाचा भार आणि पंख्याचा वेग तोच राहिला, तर खोलीचे तापमान जितके वाढते जवळजवळ तितकेच प्रोसेसरचेही वाढते. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत ८७ अंशांच्या आसपास जातो. त्यात पंख्याखालील हीट सिंकच्या पात्यांवर धुळीचा थर असेल, तर वेग घटण्याची मर्यादा सहज गाठली जाते.

या भागातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि तिची बारीक धूळ घरात येते. जुन्या माळवदाच्या घरांत छतावरूनही माती झिरपते. फोडणीचा तेलकट धूर आणि उदबत्तीचा धूर यांमुळे ही धूळ चिकट होऊन पात्यांवर नमद्यासारखी बसते. पावसाळ्यात हाच थर ओलावा धरून ठेवतो आणि धातूच्या जोडण्यांवर गंज चढवतो.

घरातील मांडणीमुळेही उष्णता वाढते. संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट ठेवणे, त्याची मागची बाजू भिंतीला टेकवणे किंवा संगणक चालू असताना त्यावर कापडी आच्छादन राहू देणे यांमुळे गरम हवा बाहेर पडत नाही. कॅबिनेटच्या मागे किमान वीतभर मोकळी जागा असावी. लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवल्यास त्याची खालची जाळी झाकली जाते. मराठवाड्यात घरोघरी पाण्याचे कूलर वापरले जातात. त्यांमुळे खोली थंड होते व संगणकालाही लाभ होतो. मात्र कूलरचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये.

### आतील स्वच्छता

डेस्कटॉप संगणकाचे कॅबिनेट उघडून स्वच्छ करणे अवघड नाही. बोलीभाषेत या संपूर्ण पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात. प्रत्यक्षात सीपीयू म्हणजे तिच्यातील प्रोसेसर. हमीची मुदत शिल्लक असल्यास पेटी उघडण्यापूर्वी हमीच्या अटी वाचाव्यात. स्वच्छतेचा क्रम साधारणपणे असा असतो:

1. संगणक बंद करून विजेची तार भिंतीपासून काढावी. त्यानंतर सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला विद्युतभार निघून जातो.
2. काम अंगणात किंवा गच्चीवर सावलीत करावे. नाकातोंडाला रुमाल बांधावा.
3. अंगावरील स्थिर विद्युतभार सुटे भाग बिघडवू शकतो. त्यामुळे आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करावा.
4. मऊ, कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरच्या हवेने धूळ बाहेरच्या दिशेने काढावी. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. तो अतिवेगाने फिरल्यास त्याचे बेअरिंग खराब होते.
5. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसावे व कण झटकून ती पट्टी आवाज येईपर्यंत घट्ट बसवावी.
6. ओले फडके, घरगुती साबण किंवा रॉकेल कोणत्याही भागाला लावू नये.

वीजपुरवठ्याची धातूची पेटी, म्हणजे एसएमपीएस, घरी उघडू नये. तिच्यात २३० व्होल्टच्या घरगुती विजेपासून सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब तयार होतो. तार काढल्यानंतरही काही काळ तो धारित्रांत साठून राहू शकतो. तिची धूळ बाहेरून जाळीतूनच उडवावी.

प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधील थर्मल पेस्ट काही वर्षांत वाळते. धूळ काढूनही तापमान कमी झाले नाही, तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावतात. लॅपटॉपमधील हे काम अधिक नाजूक असते. त्यामुळे ते जाणकाराकडून करून घेणे इष्ट ठरते.

## वीजपुरवठा

अचानक वीज गेली की लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते. असे वारंवार घडल्यास संचालन प्रणालीच्या फायलीही बिघडतात, संगणक सुरू होताना दर वेळी डिस्क तपासत बसतो आणि हार्ड डिस्कचे आयुष्य कमी होते. यावर यूपीएस हा उपाय आहे. घरगुती वापरातील ६०० व्हीएचा यूपीएस साध्या डेस्कटॉपला साधारण दहा-पंधरा मिनिटे पुरतो. त्याचा हेतू काम चालू ठेवणे हा नसून संगणक नीट बंद करण्यास वेळ देणे हा आहे. त्याची बॅटरी काही वर्षांत कमजोर होते. म्हणून अधूनमधून भिंतीवरील बटण बंद करून तिची चाचणी घ्यावी. घरात इन्व्हर्टर असल्यास त्यावरील ‘यूपीएस’ हा पर्याय निवडावा. त्यात विजेची अदलाबदल अधिक जलद होते.

कूलर, पाण्याची मोटर किंवा इस्त्री आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डवर जोडू नयेत. मोटर सुरू होताना क्षणभर दाब घसरतो. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घराचे अर्थिंग सदोष असण्याची शक्यता असते. काळी जमीन उन्हाळ्यात कोरडी पडून आकसते, अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुटते आणि विद्युत रोध वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची पद्धत याच कारणासाठी आहे. झिणझिण्या कायम राहिल्यास परवानाधारक वीजतंत्रीकडून तपासणी करून घ्यावी. वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना संगणकाची विजेची तार आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढून ठेवाव्यात.

## सॉफ्टवेअरची स्वच्छता

बहुतेक घरगुती संगणकांवर विंडोज वापरले जाते. त्यामुळे पुढील वर्णन त्यास अनुसरून आहे.

सुरुवातीचे प्रोग्रॅम. अनेक प्रोग्रॅम संगणकासोबत आपोआप सुरू होण्याची नोंद करून ठेवतात. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप या विभागातून अनावश्यक नोंदी निष्क्रिय करता येतात. प्रोग्रॅम पुसला जात नाही, तो फक्त गरजेपुरता उघडावा लागतो. अँटिव्हायरस आणि मराठी कळफलकाची नोंद मात्र तशीच ठेवावी.

मोकळी जागा. संचालन प्रणाली असलेल्या सी ड्राइव्हची १५ ते २० टक्के जागा मोकळी असावी. तात्पुरत्या फायली विंडोजच्या डिस्क क्लीनअपने किंवा सेटिंग्जमधील स्टोरेज विभागातून काढता येतात. तेथील यादीत ‘डाउनलोड्स’ हा पर्यायही दिसू शकतो. अनेकांची प्रवेशपत्रे आणि पावत्या त्याच फोल्डरमध्ये असतात. त्यावर खूण करण्यापूर्वी तो फोल्डर पाहणे अत्यावश्यक आहे.

ब्राउझर. न वापरली जाणारी एक्स्टेंशन्स काढावीत आणि अनोळखी संकेतस्थळांना दिलेली सूचना पाठवण्याची परवानगी रद्द करावी. पडद्याच्या कोपऱ्यात येणारे ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ असे इशारे बहुधा अशा परवानगीतूनच येतात.

अँटिव्हायरस. एका वेळी एकच अँटिव्हायरस असावा. दोन असल्यास दोन्ही प्रत्येक फाइल तपासतात, एकमेकांना अडवतात आणि संगणक संथ होतो. विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अंगभूत आहे.

रीस्टार्ट. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावर संचालन प्रणालीचा गाभा पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते. म्हणून रोज बंद होणाऱ्या संगणकालाही आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करणे लाभदायक असते.

डीफ्रॅगमेंट. हार्ड डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे सलग मांडण्याची ही प्रक्रिया आहे. एसएसडीमध्ये फिरणारी चकती नसल्याने तिचा विशेष लाभ होत नाही, उलट अनावश्यक लेखन वाढते. विंडोज एसएसडी ओळखून तिच्यासाठी ट्रिम ही वेगळी प्रक्रिया चालवते.

### पेन ड्राइव्हमधून येणारे विषाणू

विद्यार्थी अर्ज छापण्यासाठी पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेतात. तेथील संगणकाला दिवसभरात अनेकांचे पेन ड्राइव्ह जोडले जातात. त्यांतून पसरणाऱ्या ‘शॉर्टकट व्हायरस’मध्ये मूळ फोल्डर लपवले जातात आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे, बाण असलेले चिन्ह दिसते. त्यावर क्लिक केले की विषाणू चालू होतो. मूळ फायली बहुधा पेन ड्राइव्हमध्येच असतात. त्यामुळे तो घाईने फॉरमॅट करू नये. प्रथम अँटिव्हायरसने तपासणी करावी, नंतर लपवलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय सुरू करून दस्तऐवज दुसरीकडे हलवावेत. छपाईसाठी आवश्यक तेवढीच फाइल असलेला स्वतंत्र पेन ड्राइव्ह ठेवणे हा प्रतिबंधाचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

## सुटे भाग बदलणे

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा जुन्या संगणकासाठी सर्वांत परिणामकारक बदल मानला जातो. साध्या साटा एसएसडीचा सलग वाचनाचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट असतो. घरगुती हार्ड डिस्कचा हाच वेग बहुधा १०० ते २०० मेगाबाइटच्या दरम्यान असतो. खरा फरक विखुरलेल्या माहितीच्या वाचनात पडतो. तेथे हार्ड डिस्कच्या शंभराच्या तुलनेत एसएसडी सेकंदाला हजारो वेळा वाचन करू शकते. संगणक सुरू होणे आणि प्रोग्रॅम उघडणे ही अशाच वाचनाची कामे असल्याने बदल लगेच जाणवतो. जुनी हार्ड डिस्क सुस्थितीत असल्यास साठवणीसाठी दुसऱ्या जोडणीवर ठेवता येते.

दुसरा बदल रॅम वाढवण्याचा. डीडीआर २, ३ आणि ४ या प्रकारांच्या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या जागी असते व त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. म्हणून जुनी पट्टी पाहूनच नवी घ्यावी. संगणकावर ३२ बिटांचे विंडोज असेल, तर ४ गिगाबाइटपेक्षा अधिक रॅमचा उपयोग होत नाही. ६४ बिटांची आवृत्ती टाकावी लागते.

## संचालन प्रणालीची निवड

विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टचे सर्वसाधारण साहाय्य बंद झाले. विंडोज ११ साठी किमान ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवण, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चकती लागते. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच त्यास अधिकृतपणे चालतात. त्यामुळे वेगाने ठीक असलेले अनेक संगणक केवळ या अटींमुळे मागे पडले आहेत.

अशा संगणकांसाठी लिनक्स हा कायदेशीर व विनामूल्य पर्याय आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती आणि लुबुंटू या कमी साधनांत चालतात. सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स भारतीय भाषांना साहाय्य करते. या प्रणालींत युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असतो. मात्र जुने मराठी टंकलेखनाचे प्रोग्रॅम किंवा विंडोजवरच अवलंबून असलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर आवश्यक असल्यास आधी पडताळणी करावी. पेन ड्राइव्हवरून लिनक्स प्रत्यक्ष न बसवता चालवून पाहता येते. विंडोजची अनधिकृत प्रत टाकून घेणे हा मात्र स्वस्त पर्याय नाही. तिच्या सोबत येणाऱ्या ‘क्रॅक’ फायलींतूनच अनेकदा हानिकारक सॉफ्टवेअर शिरते.

## प्रचलित गैरसमज

* ‘रॅम वाढवणारे’ आणि ‘रजिस्ट्री साफ करणारे’ प्रोग्रॅम संगणक वेगवान करतात. सॉफ्टवेअरने रॅम वाढत नाही. रजिस्ट्रीतील जुन्या नोंदी काढल्याने वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, चुकीची नोंद गेल्यास मात्र प्रणाली बिघडते.
* डेस्कटॉपवर चिन्हे कमी केली की संगणक वेगवान होतो. चिन्हांचा भार नगण्य असतो. डेस्कटॉपवर ठेवलेल्या मोठ्या फायली मात्र सी ड्राइव्हची जागा व्यापतात.
* दर सहा महिन्यांनी फॉरमॅट आवश्यक असते. कारण धूळ किंवा निकामी डिस्क असेल, तर फॉरमॅटनंतरही संथपणा परत येतो आणि माहिती व्यर्थ जाते.

## देखभालीचे वार्षिक वेळापत्रक

या भागातील ऋतुमान पाहता वर्षातून दोनदा आतील स्वच्छता पुरेशी असते. गुढीपाडव्याच्या सुमारास, उन्हाळा तीव्र होण्याआधी, पहिली स्वच्छता केल्यास एप्रिल-मेमधील तापमानाला संगणक तोंड देऊ शकतो. प्रवेशाच्या अर्जांचा हंगामही त्यानंतरच सुरू होतो. दुसरी स्वच्छता पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या घरसफाईबरोबर करता येते. यूपीएस आणि अर्थिंगची तपासणी मृग नक्षत्रापूर्वी करावी. महत्त्वाच्या फायलींची प्रत मात्र ऋतूवर अवलंबून ठेवू नये, ती दर महिन्याला घ्यावी.

## विल्हेवाट

मदरबोर्ड निकामी झाल्यास किंवा दुरुस्तीचा खर्च वापरलेल्या संगणकाच्या किमतीइतका होऊ लागल्यास संगणक बदलणे व्यवहार्य ठरते. विकण्यापूर्वी किंवा देऊन टाकण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी अथवा तिच्यावरील माहिती पूर्णपणे पुसावी. केवळ ‘डिलीट’ केलेल्या किंवा जलद फॉरमॅट केलेल्या फायली पुन्हा मिळवता येतात. जुने भाग घरगुती कचऱ्यात टाकू नयेत अथवा जाळू नयेत. जुन्या मदरबोर्डच्या डाखात शिसे असते आणि तारांच्या आवरणाच्या ज्वलनातून विषारी वायू निघतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडेच गेला पाहिजे. चालू स्थितीतील रॅम, पंखा किंवा कळफलक मात्र दुसऱ्या एखाद्या संगणकाच्या दुरुस्तीस उपयोगी पडू शकतो.